मसुद्यातले नियम चालू कॅम्पेनमध्ये आणताना: आधी काय, मग काय

फाशांवर चालणाऱ्या रोल-प्लेइंग खेळाचा नवा मसुदा, म्हणजे चाचणीसाठी काढलेले कच्चे नियम, बाहेर आला की बहुतेक ग्रुपमध्ये सारखंच घडतं. एक खेळाडू रात्री तो वाचून काढतो, सकाळी ग्रुपवर फाइल टाकतो आणि पुढच्या सेशनला त्याच्या कॅरेक्टरकडे नवाकोरा सबक्लास (क्लासची, म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाची, उपशाखा) असतो. तीन सेशननंतर एकजण म्हणतो, ‘हे फारच भारी आहे’. दुसरा म्हणतो, ‘छे, फुसकं आहे’. तोवर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, गुपचूप राक्षसांचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वाढवायला सुरुवात केलेली असते. मग कोणालाच काही सांगता येत नाही.

याला चाचणी म्हणत नाहीत, नवं खेळणं उघडून बसणं म्हणतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून निष्कर्ष काढू नयेत. खरंच तपासून बघायचं असेल तर क्रम पाळावा लागतो, आणि यातलं बरंचसं काम पहिला फासा पडायच्या आधीचं आहे. बहुतेक उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची घेतली आहेत. तुमची सिस्टीम वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: मसुदा पूर्ण वाचा आणि गोठवा

आधी फाइल स्वतःकडे उतरवून घ्या आणि तिच्या नावात तारीख घाला. हे क्षुल्लक वाटतं, पण मसुदे पायाखालून सरकतात. ऑगस्ट २०२२च्या मसुद्यात क्रिटिकल हिटचे (हल्ल्याच्या फाशावर २० पडल्याचे) दुप्पट फासे फक्त शस्त्राच्या आणि निःशस्त्र हल्ल्यांना होते, आणि राक्षसांना क्रिटिकल नव्हताच. पुढच्याच मसुद्यात जुना नियम परतला. थकव्याचंही तसंच. मसुद्यात दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला उणे १ होतं. २०२४च्या पुस्तकात सहा पायऱ्या आणि डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) प्रत्येक चाचणीवर पायरीमागे उणे २ आलं. टेबलावरच्या दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांतल्या फाइली वाचल्या असतील तर ते दोन वेगळे खेळ खेळत असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं.

मग दोन रंगांची पेनं घेऊन वाचा. एका रंगाने नव्या गोष्टींवर खूण करा: नवा रिसोर्स, नवी अ‍ॅक्शन, नवी स्थिती. दुसऱ्या रंगाने, जिथे दोन अर्थ निघतात तिथे. दुसरा रंग जास्त महत्त्वाचा. ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदा’ (कोणा एकाच्या पाळीत) आणि ‘प्रत्येक राउंडमध्ये एकदा’ (सगळ्यांच्या पाळ्यांच्या एका फेरीत) हा फरक वाचताना डोळ्यांखालून निसटतो. टर्नमध्ये एकदा असेल, तर शत्रू पळताना रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी झटपट कृती) वापरून मारलेल्या फटक्यालाही तो फायदा मिळतो, कारण तो टर्न दुसऱ्याचा असतो. म्हणजे एका राउंडमध्ये दोनदा. अशा प्रत्येक जागी तुमच्या टेबलापुरता अर्थ आत्ताच लिहून ठेवा.

*थांबा:* ‘मी वाचलंय, सांगतो ना तुला’ एवढ्यावर नियम आत घेऊ नका. आणणाऱ्याने आणि डीएमने, दोघांनीही पूर्ण वाचलेला हवा. ऐकीव सारांशात फायदे तेवढे शिल्लक राहतात, अटी गळून जातात.

टप्पा २: एकच प्रश्न लिहा

‘हे बॅलन्स्ड (ताकदीला समतोल) आहे का?’ हा प्रश्न टेबलाला विचारू नका. टेबल त्याचं उत्तर देऊ शकत नाही. समजा तुमच्या फायटरचा (लढवय्या कॅरेक्टरचा) हल्ला ६५ टक्के वेळा लागतो. वीस हल्ल्यांत सरासरी १३ लागायला हवेत. पण एखाद्या संध्याकाळी १० लागले काय किंवा १६ लागले काय, त्यात नवल नाही, ते निव्वळ फाशांचं दान. आता मसुद्याने त्याला डी२०वर अधिक १ दिला तर लागण्याची शक्यता ७० टक्के होते, म्हणजे वीस हल्ल्यांत एक जास्तीचा फटका. दहा ते सोळाच्या हेलकाव्यात तो एक तुम्हाला दिसणार कसा? तरी लोक दोन सेशन खेळून छातीठोकपणे सांगतात.

टेबलावर दुसऱ्या गोष्टी मात्र लख्ख दिसतात. त्यांवर प्रश्न तयार करा:

- हा नियम वापरताना टर्न किती लांबतो?
- खेळाडू तो वापरायला विसरतो का? विसरत असेल तर का?
- त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाचं खास काम हिरावलं जातं का?
- तो वापरताना मजा येते, की नुसता हिशोब होतो?

पाथफाइंडर या अशाच एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या २०१८च्या चाचणी-नियमांत ‘रेझोनन्स’ नावाचे गुण होते. जादूच्या वस्तू वापरायच्या तर रोजच्या ठरावीक कोट्यातून गुण मोजायचे. स्वस्त वस्तूंच्या ढिगावर खेळ चालू नये हा हेतू कागदावर बिनचूक होता. पण साधं औषध प्यायचं तरी गुण खर्च करा, हे खेळणाऱ्यांना खटकलं, आणि २०१९च्या पक्क्या पुस्तकात ते राहिलं नाही. असलं खटकणं कुठल्याही गणितात सापडत नाही. टेबल त्यासाठी वापरायचं.

वरच्यापैकी एक प्रश्न निवडा, एका वाक्यात लिहा आणि डीएमच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. दोन प्रश्न घ्यायचा मोह होईल. एकच घ्या.

टप्पा ३: ताकदीचा हिशोब कागदावर

बॅलन्सचा प्रश्न इथे, टेबलापासून दूर, सोडवायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि गंमत अशी की ज्यांना मसुद्याची सर्वात जास्त घाई असते, तेच हे टाळतात.

पद्धत साधी: जुन्या, छापील नियमांतलं तसंच कॅरेक्टर घ्या आणि तुलना करा. पाचव्या लेव्हलचा फायटर, दोन हल्ले, प्रत्येकी २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) अधिक ४, म्हणजे सरासरी ११. लागण्याची शक्यता ६५ टक्के. क्रिटिकल बाजूला ठेवला तर टर्नमागे १४.३ डॅमेज. आता मसुद्यात म्हटलंय, ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदा, हल्ला लागला तर १डी६ जास्त’. दोनपैकी एक तरी लागण्याची शक्यता ८७.७५ टक्के, गुणिले ३.५, म्हणजे सुमारे ३.१. एकूण १७.४. वाढ एकवीस टक्क्यांच्या आसपास.

तेच वाक्य ‘प्रत्येक लागलेल्या हल्ल्याला’ असं असेल तर? भर ४.५५ होते आणि वाढ जवळजवळ बत्तीस टक्के. अकराव्या लेव्हलला तिसरा हल्ला आला की ही दरी आणखी रुंदावते. पहिल्या टप्प्यातलं दुसऱ्या रंगाचं पेन यासाठी होतं.

अ‍ॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणं) देणाऱ्या नियमांकडे विशेष लक्ष द्या. दिसायला ते गरीब दिसतात, कारण त्यात आकडाच नसतो. ६५ टक्क्यांचा हल्ला अ‍ॅडव्हान्टेजने ८७.७५ टक्के होतो. त्या जागी ते अधिक ४ आणि अधिक ५ यांच्या मध्ये कुठेतरी पडतं. मसुद्याने सरळ ‘अधिक ४’ लिहिलं असतं तर तुम्ही दचकला असता.

हिशोब तीन-चार लेव्हलना करा: तुमची आत्ताची, मग ५, ११ आणि १७. कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी कथा) जिथवर जाणारच नाही तिथला सोडून द्या.

*तपासा:* नवा नियम जुन्या कॅरेक्टरच्या दीडपट किंवा त्याहून पुढे जातो आहे का? मग तो टेबलावर आणायची घाई करू नका. आधी आकडा खाली आणा. मागाहून टेबलावर काढून घेण्यापेक्षा ते सोपं.

टप्पा ४: सगळ्यांशी बोला, फक्त हौशी खेळाडूशी नाही

मसुदा एकाच्या कॅरेक्टरवर असला तरी चाचणी टेबलावरच्या सगळ्यांवर होते. ज्याच्या क्लासचं काम नवा नियम हिसकावू शकतो, त्याच्याशी आधी वेगळं बोला. सगळ्यांसमोर विचारलं की माणूस ‘चालेल’च म्हणतो.

मग चार गोष्टी लिहून काढा. लिहूनच, तोंडी नाही.

चाचणी किती सेशन चालेल? तीन-चार पुरतात. मध्येच थांबवायचा अधिकार कोणाला? माझ्या मते डीएमला, आणि तो नियम वापरणाऱ्यालाही. नियम बाद झाला तर कॅरेक्टरचं काय होईल? आणि चाचणीच्या काळात मसुद्यातल्या त्रुटीमुळे कोणी मेलं तर ते मरण धरायचं का? ही चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. मग एक दिवस तिचंच भांडण होतं, आणि तेव्हा थंड डोक्याने बोलायची वेळ गेलेली असते.

परतीच्या वाटेचं आधीच ठरवा. ‘मिस्टिक’ हा मानसिक शक्तींचा क्लास मसुद्यांमधून पुन्हा पुन्हा आला, २०१७ मध्ये मोठ्या विस्तारानेही आला, आणि तरी त्या रूपात पक्क्या पुस्तकात कधीच उतरला नाही. त्यावर वर्षभराचं कॅरेक्टर उभं केलेल्यांनी पुढे काय करायचं? म्हणून आजच दुसरं कॅरेक्टर शीट भरून ठेवा: तेच नाव, तीच लेव्हल, छापील नियमांतला सर्वात जवळचा क्लास.

*तपासा:* दुसरं शीट खरंच भरलं आहे का? ‘वेळ आली की बघू’ म्हणजे भरलेलं नाही.

टप्पा ५: कथेबाहेर एक सराव

कॅम्पेनला हात लावण्याआधी तास-दीड तासाचा एक सुटा सराव घ्या. यातलं काहीही कथेत धरायचं नाही. मध्ये लाँग रेस्ट (क्षमता भरून देणारी रात्रीची विश्रांती) न देता तीन सामने:

१. कमकुवत शत्रूंची झुंड.
२. एकच मोठा, दमदार शत्रू.
३. अंतरावरून मारणारे किंवा उडणारे शत्रू, ज्यांच्यापर्यंत सहज पोचता येत नाही.

शेवटी दहा मिनिटांचा एक बोलाचालीचा किंवा शोधाशोधीचा प्रसंग. लढाईच्या नियमाचा तिथे काय संबंध, असं वाटेल. पण ‘कोणाच्याही सावलीत शिरता येतं’ असा नियम लढाईत किरकोळ आणि चोरीत भयानक असू शकतो.

तीनपैकी एक सामना त्याच जागी, त्याच शत्रूंसह, मसुद्याशिवाय पुन्हा खेळा. कंटाळवाणं आहे, पण तुलनेला दुसरी बाजू मिळते ती यातूनच.

तीन सामने सलग घ्या म्हणतो ते माझ्याच चुकीमुळे. एकदा मी लाँग रेस्टमध्ये भरून येणारी क्षमता असलेला मसुदा टेबलावर घेतला. आमच्या सेशनला एकच मोठी लढाई व्हायची आणि नंतर सगळे निवांत झोपायचे. साहजिकच त्या खेळाडूने दर लढाईत सगळं दारूगोळ्यासारखं उडवलं आणि आम्ही ‘ओव्हरपॉवर्ड’ (अति ताकदवान) म्हणून नियम बाद केला. पुढे लक्षात आलं की आमच्या टेबलावर विझार्डसुद्धा तितकाच ओव्हरपॉवर्ड होता. २०१४च्या डीएमच्या पुस्तकात एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा अवघड सामने गृहीत धरले होते, आणि मी एक देत होतो. नियमात दोष असेलही, पण आम्ही तपासला होता तो माझा दिवस.

*थांबा:* सरावात नियमाचं वाक्य दोनदा थांबून वाचावं लागलं, तर ते तुमच्या टेबलासाठी सोप्या मराठीत चार ओळींत लिहा आणि ते कार्ड खेळाडूच्या शीटला जोडा. मूळ फाइल सेशनमध्ये उघडायची नाही.

टप्पा ६: कथेत आणा, पण परत काढता येईल असं

नियमाला कथेत येण्याचं एक कारण द्या, आणि कारण असं की ते उद्या संपू शकेल. उसनी मिळालेली अंगठी, ठरावीक काळाचा शाप, गुरूने शिकवायला घेतलेली अर्धवट विद्या. ‘तू जन्मापासून असाच आहेस’ हे कारण नको. ‘तुझ्या आईच्या खुनाचं रहस्य या शक्तीत दडलंय’ हे तर मुळीच नको.

वेळही बघा. मोठ्या खलनायकाशी शेवटची गाठ पडायला दोन सेशन उरले असतील तर मसुदा पुढच्या कथेसाठी ठेवा. नुकतंच एक प्रकरण संपून नवं सुरू होत असेल, तर तीच वेळ.

आणि एका वेळी एकच मसुदा. दोन खेळाडूंनी दोन वेगळे आणले आणि लढाई एकतर्फी झाली, तर ती कोणामुळे झाली हे कधीच कळत नाही.

टप्पा ७: सेशन चालू असताना

डीएमची मुख्य जबाबदारी इथे काही न करण्याची आहे. नियम जोरदार वाटला की हात आपोआप शिवशिवतात. राक्षसाला वीस हिट पॉइंट जास्त, शत्रूंनी नेमकं त्याच कॅरेक्टरला घेरणं, सेव्हिंग थ्रो (जादू वगैरेतून वाचण्यासाठीचा फासा) पडद्याआड ‘पास’ होणं. एरवी यातलं थोडंफार प्रत्येक डीएम करतो, मीही करतो. चाचणीच्या काळात मात्र हे केलंत की हाती आलेली माहिती कचऱ्यात गेली. सामना आधी लिहिला तसाच चालवा. शक्य असेल तर या सेशनपुरते फासे सगळ्यांसमोर टाका.

अडलेला अर्थ एका मिनिटात सोडवायचा: डीएम निर्णय देतो, वहीत लिहितो, खेळ पुढे जातो. तो निर्णय त्या सेशनपुरता पक्का, मग चुकीचा वाटला तरी.

नोंदी थोडक्याच, पण घटनांच्या. एक ओळ अशी: ‘राउंड ३, नियम वापरला, दोन शत्रू पडले, टर्नला चार मिनिटं.’ किंवा: ‘राउंड १ ते ४, वापरता आला असता, आठवला नाही.’ ‘भारी वाटला’ ही नोंद नव्हे. नोंद डीएमने करू नये, त्याचे हात भरलेले असतात. ज्या खेळाडूचा टर्न लवकर आटोपतो त्याच्याकडे वही द्या.

*थांबा:* सेशनच्या मध्यात नियमाचा आकडा बदलू नका. अपवाद एकच: खेळच पुढे सरकेना, उदाहरणार्थ न संपणारी साखळी तयार झाली. मग नियम त्या दिवसापुरता पूर्ण बंद करा. अर्धवट दुरुस्ती करून चालवू नका.

टप्पा ८: सेशननंतरची पंधरा मिनिटं

त्याच दिवशी, वस्तू आवरण्याआधी. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारलं तर उत्तरादाखल अंगठे येतात.

विचारण्याचा क्रम असा: आधी काय घडलं, मग कसं वाटलं, आणि ‘काय बदलावं’ सर्वांत शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होतो. पहिल्याच मिनिटाला कोणीतरी ‘डी६ऐवजी डी४ करा’ म्हणतो आणि उरलेला वेळ त्या डी४वर जातो.

बोलण्याचाही क्रम ठेवा. नियम वापरणारा शेवटी बोलेल, डीएम त्याच्या आधी. सुरुवात त्यांच्यापासून, ज्यांच्याकडे तो नियम नाही. त्यांना एवढंच विचारा: आज तुझ्या कॅरेक्टरची अशी वेळ कधी आली का, जेव्हा तुझी गरजच नव्हती? या एका उत्तरातून जितकं कळतं तितकं डॅमेजच्या आकड्यांतून कळत नाही.

मग पहिल्या पानावरचा प्रश्न मोठ्याने वाचा आणि आजच्या नोंदींवरून त्याचं उत्तर एका ओळीत लिहा. उत्तर ‘अजून माहीत नाही’ असेल तर तेच लिहा.

टप्पा ९: बदल करायचाच असेल तर

किमान दोन सेशन झाल्याशिवाय नाही. त्यानंतर एका वेळी एकच बदल, आणि तोही या क्रमाने: आधी किती वेळा वापरता येतो ते बदला, मग किती परिणाम होतो ते, आणि अट सर्वांत शेवटी. वापराची संख्या कमी केली तर खेळाडूच्या हातातली गोष्ट तीच राहते, फक्त कमी वेळा मिळते. अट बदलली की त्याला नियम नव्याने शिकावा लागतो, आणि मागच्या नोंदी जवळपास निरुपयोगी होतात.

बदललेल्या नियमाला क्रमांक द्या: आवृत्ती २, तारीख, काय बदललं. जोडलेलं कार्डही नवं लिहा, जुन्यावर खाडाखोड नको.

*तपासा:* तुम्ही कितव्या आवृत्तीवर आहात? चौथ्यावर पोचला असाल तर तो मसुदा आता राहिलेला नाही, तुमचा घरगुती नियम झाला आहे. तसा जरूर खेळा, फक्त त्याला चाचणी म्हणू नका.

टप्पा १०: ठेवा, काढा किंवा कळवा

ठरलेली सेशन संपली की निर्णय त्याच दिवशी. ‘चालू दे तसंच’ हा निर्णय नव्हे. ठेवायचा असेल तर गोठवलेली फाइल हेच तुमचं पुस्तक. नवा मसुदा आला म्हणून तो आपोआप बदलत नाही. काढायचा असेल तर चौथ्या टप्प्यातलं दुसरं शीट बाहेर काढा, आणि अंगठी परत जाण्याचा प्रसंग पुढच्या सेशनच्या सुरुवातीलाच घ्या. खेळाडूला नव्या शीटवर एकदा हवी ती अदलाबदल करू द्या, कारण इतके दिवस त्याने सर्वांसाठी गैरसोय सोसलेली असते.

मसुदा करणाऱ्यांनी मतं मागवली असतील तर पाठवा. काय दुरुस्ती करावी यापेक्षा काय घडलं ते लिहा: किती सेशन, कोणती लेव्हल, पार्टीत कोणते क्लास, दिवसाला किती सामने, नियम कुठे अडला, कुठे विसरला गेला. नुसता वाचून बघितलेला भाग असेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि नवव्या टप्प्यात आकडे बदलले असतील, तर मत फक्त आवृत्ती १च्या सेशनांवर द्या. बाकीची सेशन कितीही रंगली असली तरी ती त्यांच्या नियमाची नव्हती.